चाकावरचे उंदीर

इंदोरा, नागपूर
२० ऑक्टोबर १९८३

चि. शामला,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, असं धरून लिहितो. चार वर्षं झाली. तुझा पत्ता मायच्या ट्रंकेतल्या तुझ्या पत्रावरून उतरून घेतला. मी लिहितो आहे हे तिला ठाऊक नाही, तेव्हा उत्तर घरी पाठवू नकोस, शाळेच्या पत्त्यावर पाठव.

काम माझं नाही. चंपतराव तुला आठवत असतील. माझ्या शाळेत ड्रॉइंग शिकवतात, तू लहान असताना तुला रंगीत खडू द्यायचे. त्यांच्या डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा होता. त्याची जखम झाली. तीन महिने झाले, भरत नाही. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि जे निघू नये तेच निघालं. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे किरणांच्या मशीनचा शेक घ्या.

चंपतराव शेक घ्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यभर कमावलेलं शरीर आहे, ते आपला शत्रू आपण मारील. ते रोज तीनशे बैठका मारतात. गव्हांकुराचा रस घेतात, माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतात, आणि इतवारीतून एका पुड्यावाल्याकडून ताकदीची भुकटी आणली आहे, ती दुधातून दोन वेळा. तुझ्या मुंबईच्या प्रयोगशाळेत उंदीर चाकावर धावतात आणि धावणाऱ्या उंदरांच्या गाठी हळू वाढतात, असं कानावर आलं आहे. खरं आहे का? खरं असेल तर चंपतरावांनी बैठका चारशे कराव्यात का? आणि गोळ्यांचं प्रमाण किती ठेवावं?

उत्तर लवकर पाठव. त्यांच्याकडे वेळ कमी आहे असं डॉक्टर म्हणतात.

तुझा
बाबा

*

इंदोरा
८ नोव्हेंबर १९८३

चि. शामला,

तू हुशार आहेस हे मला माहीत होतं, पण इतकी खोडकर आहेस हे विसरलो होतो.

मी शाळेचा पत्ता दिला तो माझ्या नावाने. तू पत्र टाकलंस चंपतरावांच्या नावाने. रविवारी दुपारी मी ओसरीत बसलो होतो, तुझी माय अंबाडी निवडत होती. चंपतराव चपला न काढता आत आले. हातात तुझं पत्र.

"शालिक, मले काहून कॅन्सर लावून राहिला गा तू?"

माय म्हणाली, "काय झालं जी भाऊजी?"

मी म्हणालो, "काही नाही, गंमत करून राहिला तो."

"गंमत?" चंपतराव म्हणाले. "तुह्या पोरीनं लिहिलं, तेच वाचतो." आणि उभ्या उभ्या त्यांनी वाचलं. 'काका, तुम्ही रोज तीनशे बैठका मारता हे कळून आनंद झाला. मला आठवतं त्याप्रमाणे शाळेचा जिना चढताना तुम्ही मधे दोनदा थांबायचे. तेव्हा हा आजार नक्की कोणाला आहे, ते बाबांना विचारा. आणि माय घरात असतानाच विचारा.'

मायनं अंबाडी खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले. मला दारात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाली, "आ करा." मी हसून टाळायला गेलो. तिनं माझी हनुवटी धरली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं कधी धरलं नव्हतं. बराच वेळ बघितलं. मग चंपतरावांना म्हणाली, "बसा भाऊजी, चहा मांडते." चुलीपाशी गेली आणि तिथे रडली. चहा मात्र केला.

तर आता खरं लिहितो. जखम माझी आहे. आणि ती कशानं झाली तेही लिहितो, कारण तू ते विचारणारच. खर्रा, सुपारीत घोटलेला तंबाखू. अठरा वर्षं. तुला धक्का बसेल. मी पीटीचा मास्तर, बाराशे पोट्ट्यांसमोर रोज सकाळी सांगणारा, की तंबाखूला शिवाल तर याद राखा. त्यांच्या खिशातून पुड्या काढून जप्त करायचो. लेझीम आणि डंबेल्स ठेवायची ती खोली आठवते ना? तिथे दार लोटून बसायचो. जप्त केलेली एकही पुडी मी कधी फेकली नाही, शामला. घरी येताना तुळस चघळायचो. म्हणून तुम्हा कोणाला वास आला नाही.

चंपतराव जाताना म्हणाले, "शालिक, बिमारी तुही अन् बदनामी माही. पण शेक घ्याले तुह्यासंगं मी येतो." मी हो म्हटलं नाही. तू उंदरांचं काही लिहिलं नाहीस. ते कळल्याशिवाय मी काही ठरवणार नाही.

बाबा

*

इंदोरा
२७ नोव्हेंबर १९८३

चि. शामला,

तुझं सहा पानी पत्र मी तीन वेळा वाचलं, एकदा मनात आणि दोनदा मोठ्यानं, मायसाठी. तिला कळावं म्हणून मी ते आपल्या भाषेत सांगितलं. बरोबर सांगितलं का बघ.

उंदरांचे तीन पिंजरे. तिन्हीतल्या उंदरांना गाठीच्या पेशी टोचल्या. पहिल्या पिंजऱ्यात चाक नाही, उंदीर खातात आणि झोपतात. दुसऱ्यात चाक आहे, मनाला येईल तेव्हा चढतात, मनाला येईल तेव्हा उतरतात. तिसऱ्यातल्यांना दम तुटेपर्यंत पाण्यात पोहायला लावलं. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांच्या गाठी उशिरा दिसल्या आणि लहान राहिल्या. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगात गस्त घालणारे शिपाई, काचपट्टीवर गाठीच्या पेशींशी जास्त जोमानं भिडले. तिसऱ्या पिंजऱ्यातल्यांचे शिपाई बसून खाणाऱ्यांच्या शिपायांपेक्षाही ढिले पडले.

इथे माय म्हणाली, "म्हणजे तुमच्या तीनशे बैठका पोहणाऱ्या उंदराच्या." मी पुढे वाचलं.

गोळ्या आणि भुकट्यांचं तू लिहिलंस, की ज्या उंदरांना आधी उपाशी, निकस अन्नावर ठेवलं होतं, त्यांना वरून जीवनसत्त्वं दिल्यावर फरक पडला. ज्यांना पोटभर चांगलं अन्न होतं, त्यांना काही फरक नाही. काहींना जास्त मात्रेनं अपायच झाला. आणि इतवारीच्या भुकटीत काय आहे हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही आणि विकणाऱ्यालाही नसावं. मायनं ती भुकटी नालीत ओतली. नाली दोन दिवस पिवळी होती.

मग तुझं ते वाक्य. 'बाबा, चाकावरचा एकही उंदीर नुसतं धावून बरा झाला नाही. आणि हे उंदरांचं आहे. माणसाचं मला अजून माहीत नाही.' त्यावर मी पत्र घडी करून ठेवलं आणि मैदानावर जाऊन बसलो. खरं सांगू, मी तुला विचारलं होतं ते तू मला सोडवावंस म्हणून. शेक न घेण्याची चिठ्ठी तुझ्या हातची मिळावी म्हणून. तू दिली नाहीस. खोटी आशा देणं सोपं होतं, तुझ्या बापानं तर मागितली होती.

एक गोष्ट अजून लिहायची आहे. चार वर्षं तुझी मायला आलेली पत्रं शेजारची देवकी वाचून दाखवते असं तुला वाटतं. मी वाचून दाखवतो. पहिल्यापासून. माय मधे मधे माझ्या तोंडाकडे बघायची, मी चेहरा कोरा ठेवायचो. त्यातूनच मला चाक कळलं.

एकोणऐंशीच्या मे महिन्यात तू पहिला पगार घेऊन आलीस. मी उन्हातून आलो, तू पाण्याचा गिलास दिलास आणि तुझ्या कामाचं सांगत बसलीस. मी विचारलं, त्या उंदरांचं शेवटी काय करता? तू खरं तेच सांगितलंस. आणि मी गिलास ठेवून म्हणालो, "या हातचं पाणी मले नको."

हे वाक्य कोणाचं आहे, शामला? तुझ्या आजोबांना गावातल्या विहिरीवर जे ऐकावं लागायचं ते आहे. ते पुन्हा कोणी ऐकू नये म्हणून छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, मी बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हटल्या, तू चार वर्षांची माझ्या खांद्यावर होतीस. आणि तेच वाक्य मी माझ्या घरात, माझ्या मुलीला म्हटलं. जीवहत्या न करण्याचं शील सांगत होतो. त्या क्षणी गालात खर्रा होता. नशा न करण्याचंही एक शील आहे, ते मी गिळून बसलो होतो.

तू लिहिलंस की उंदरांचं शेवटचं काम तू प्रयोगशाळेतल्या शिपायावर ढकलत नाहीस, स्वतः करतेस, आणि त्या दिवशी डबा उघडत नाहीस. मला हे चार वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं. मी फक्त निकाल दिला. चुकलो. माफी हा शब्द बापानं मुलीला लिहावा की नाही हे मला कोणी शिकवलं नाही. लिहितो. माफ कर.

सोमवारी मेडिकलला जातो आहे. चंपतराव येणार आहेत.

बाबा

*

इंदोरा
१९ जानेवारी १९८४

चि. शामला,

अक्षर खराब आहे, समजून घे. आज सतरावा शेक झाला. एकूण तीस आहेत. सुरुवातीला डाव्या बाजूच्या चार दाढा काढल्या, म्हणून एवढा उशीर झाला. आता तोंड आतून सोलल्यासारखं आहे. वरण आणि पाणी एकच लागतं. मशीनखाली दोनतीन मिनिटं पडायचं असतं, तेव्हा काही कळतसुद्धा नाही. जे व्हायचं ते घरी आल्यावर होतं. डाव्या गालावरची दाढी उगवायची थांबली. माय म्हणते, अर्ध्या गालाची हजामत वाचली.

तू सांगितल्याप्रमाणे गोळ्या सगळ्या डॉक्टर देशकरांना नेऊन दाखवल्या. त्यांनी दोन ठेवल्या, बाकी परत दिल्या. म्हणाले, "मास्तर, शेक चालू असताना असल्या मोठ्या मात्रा नकोत. तुमचं औषध अंडं आणि दूध आहे. गिळवत नसलं तरी गिळा." म्हणून माय दुधात अंडं फेटते, ज्वारीची आंबील करते, मुगाचं वरण वस्त्रगाळ करते. एक वाटी संपवायला मला पाऊण तास लागतो. ती समोर बसून राहते. वाटीकडे बघते.

आता कबुली. मागच्या आठवड्यात एक दिवस बरं वाटलं. माय बाजारात गेली होती. मी शंभर बैठका मारल्या. तीनशे नाही, शंभरच. मग बसनं मेडिकलला गेलो आणि लायनीत उभा असताना खाली पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा चंपतराव माझ्या चपलेनं मला वारा घालत होते आणि शिव्या देत होते. तुझ्या तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर झालो, झालं. देशकर रागावले नाहीत. म्हणाले, "चाला. बोलता बोलता चालता येईल इतकंच. धाप लागली की थांबा."

तेव्हापासून मी चालतो. नंबर यायला दोन दोन तास लागतात. बाहेरचा व्हरांडा लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकशे दहा पावलं. पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या, काल चौदा झाल्या. बाकीचे पेशंट भिंतीला टेकून बसलेले असतात. दुखण्यानं नव्हे, आजाराचं नाव ऐकूनच बसलेले. मला ते बघवत नाही. चाळीस वर्षं बसलेल्यांना उठवायचंच काम केलं आहे.

परवा जिजाबाई नावाच्या बाईंनी मला टोकलं. बुटीबोरीकडच्या खेड्यातल्या आहेत, शेतात मजुरी करतात, छातीचं ऑपरेशन झालं आहे.

"मास्तर, तुमी इकडून तिकडं कायले फिरून राहिले जी? हरवलं का काही?"

मी म्हटलं, "हाव, ताकद हरवली. शोधून राहिलो."

"सापडली त मलेबी सांगजा."

"बसून नाही सापडत बाई. उठा."

त्या उठल्या. डावा हात पोटाशी घट्ट धरलेला. ऑपरेशन झाल्यापासून तो हललाच नाही म्हणाल्या, भीतीनं. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. आज पाच जण होते.

अजून तेरा शेक आहेत. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण सकाळी उठून कुठे जायचं आहे हे मला ठाऊक असतं.

तू येणार लिहिलंस. रजा मिळेल तेव्हा ये. स्टेशनवर मी येऊ शकणार नाही, चंपतराव येतील. जिना आला की त्यांना हात दे.

बाबा

*

इंदोरा
११ मार्च १९८४

चि. शामला,

तू गेल्यावर घर दोन दिवस गप्प होतं. माय म्हणते, पोट्टी आठ दिवस होती पण बाप-लेकीनं सगळ्या गोष्टी उंदरांच्याच केल्या. खरं आहे. आपल्याला दुसरं काही बोलता आलं नाही, आणि तेच बरं झालं. तू व्हरांड्यात माझ्या शेजारून चालत होतीस, माझी नाडी मोजत होतीस, वहीत लिहीत होतीस. मध्येच एकदा तू वही बंद केलीस आणि नुसती चाललीस. ती फेरी मी मोजली नाही.

तिसावा शेक झाला तेव्हा तू होतीस. एक गोष्ट तू गेल्यानंतरची आहे. देशकरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "मास्तर, जखम बसते आहे. बरं झालं असं मी आज म्हणणार नाही, सहा महिन्यांनी बघू. पण मला दुसरंच विचारायचं आहे. तुमच्या फेऱ्यांमधले पेशंट शेक मधेच सोडून जात नाहीत. बाकीचे निम्मे सोडतात. तुम्ही त्यांना काय सांगता?"

मी म्हटलं, "काही नाही. उद्या सातला या, एवढंच सांगतो."

ते म्हणाले, "मग तुमचे शेक संपले तरी तुम्ही येत राहा."

म्हणून मी आता पेशंट नसतानाही आठवड्यातून तीन दिवस जातो. शाळेची नोकरी मेमध्ये संपेल, नंतर वेळच वेळ आहे. व्हरांड्याच्या टोकाला एक मोकळी खोली आहे, ती त्यांनी दिली. मी तिथे काही कोणाला बैठका मारायला लावत नाही, घाबरू नकोस. तू लिहून दिलेला कागद भिंतीला लावला आहे. धाप लागली की थांबायचं, ताप असेल तर यायचं नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही भुकटी नाही. जिजाबाईंना मी भिंतीवर बोटं चालवायला लावतो. मुंगी चढते तशी, रोज एक बोटभर वर. परवा त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. बाकीच्या बायका बघत होत्या. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी जागा उरली नाही.

बायकांच्या हाताचं हे तुझ्या पांढऱ्या पेशींना कळत असेल का? तू म्हणशील, मला माहीत नाही. मीही आता तसं म्हणायला शिकतो आहे. लोक विचारतात, मास्तर, चालल्यानं बिमारी जाते का? मी सांगतो, बिमारी डॉक्टर काढतो, चालल्यानं आपण टिकतो. एवढं बरोबर आहे ना? जास्त तर नाही झालं?

बाबा

*

इंदोरा
२६ ऑगस्ट १९८४

चि. शामला,

आधी तेच लिहितो ज्यासाठी तू पाकीट फाडशील. शुक्रवारी तपासणी झाली. देशकरांनी आरसा घालून, बोटानं दाबून, मान चाचपून बघितलं. गालात काही नाही. गळ्यात गाठ नाही. म्हणाले, "आज साफ आहे. तीन महिन्यांनी परत या." मी विचारलं, "बरा झालो?" ते म्हणाले, "आज साफ आहे." तुझ्यासारखेच आहेत, एक शब्द जास्त देत नाहीत. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मले एवढं पुरे." आणि मिरचीचा ठेचा केला. मला अजून तिखट चालत नाही, तरी जिभेच्या टोकावर घेऊन बघितला. डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचंच होतं, असं मी तिला सांगितलं.

आता तुझ्या कामाचं. तू आणि देशकरांनी मिळून माणसांवरच्या अभ्यासासाठी जो अर्ज केला होता, त्याला मेडिकलच्या समितीची मंजुरी आली. शेक घेणाऱ्यांपैकी काही जणांनी चालायचं, काही जणांनी नाही, आणि दोन्हीकडच्यांचं रक्त तीन वेळा घेऊन त्यातले शिपाई तपासायचे. देशकरांनी काल खोलीत सगळ्यांना बसवून तो कागद मोठ्यानं वाचला. रक्त दिल्यानं तुमचा काही फायदा होईल असं नाही. नको म्हटलं तर तुमच्या इलाजात फरक पडणार नाही. कधीही नाही म्हणता येईल. गरीब माणसाला दवाखान्यात 'रक्त' शब्द ऐकला की काय वाटतं, तुला ठाऊक आहे. एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे आमच्यावर करून बघणार, उंदरावानी."

मी बोलायला उठत होतो. जिजाबाई आधी उठल्या. त्यांचा इलाज संपला आहे, आता त्या दर महिन्याला दाखवायला येतात आणि दोन दिवस राहून नव्या बायकांना भिंत शिकवतात. म्हणाल्या, "उंदरावानी कायचं? उंदराले कोनं इचारलं होतं? आपल्याले त इचारून राहिले. अन् उंदराले सांगता येत नाही का कसं वाटते, मले येते. मास्तराच्या पोरीले म्हना, मी सारं सांगतो, तिनं लिहाव."

देशकरांनी त्यांना समजावलं की इलाज झालेल्यांचं रक्त यात बसत नाही. त्या नाराज झाल्या. पण तोवर अकरा जणांनी नावं दिली होती, तो 'उंदरावानी' म्हणणारा धरून.

माझंही नाव मी दिलं. ते त्यांनी जिजाबाईंच्याच कारणानं खोडलं, आणि वरून म्हणाले, बापाचं रक्त मुलीनं तपासायचं नसतं, तिची नजर बापाकडे झुकते. मला वाईट वाटलं नाही. तुझी नजर माझ्याकडे झुकेल असं परका माणूस धरून चालतो, हे मी घरी येईपर्यंत बसमध्ये मनात घोळवत होतो.

तू तीन सप्टेंबरला येतेस. माय तुझ्या खोलीला चुना लावून घेते आहे, या अभ्यासासाठी तू दोन वर्षं राहणार म्हणून. चंपतराव दवाखान्यातल्या खोलीच्या भिंतीवर चित्र काढणार आहेत. पळणारा माणूस काढतो म्हणाले, मी सांगितलं चालणारा काढा.

चालणं सकाळी बरोबर सातला सुरू होतं. पहिल्या दिवशी वेळेवर ये. ड्रिलला उशीर करणाऱ्याला मी आत घेत नाही, मग तो मुंबईचा शास्त्रज्ञ का असेना.

तुझा
बाबा